हिरव्या खुणेसाठी राइट क्लिक : लॅपटॉपच्या टचपॅडवरचा माझा अनुभव

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस माझ्या बँकेचा संदेश आला की खात्याची केवायसी अद्ययावत करण्याची मुदत संपत आली असून कागदपत्रे न दिल्यास व्यवहार थांबवले जातील. कमी जोखमीच्या खात्यांना ही माहिती साधारण दहा वर्षांतून एकदा नव्याने द्यावी लागते. मधल्या काळात आम्ही इंदूरच्या रामबागेतले भाड्याचे घर सोडून सुदामानगरात राहायला आलो होतो, त्यामुळे जुने आधार कार्ड जुन्याच पत्त्याचे होते. पत्ता मी आधीच बदलून घेतलेला असल्याने घराजवळच्या दुकानातून ई-आधारची प्रत छापून घेतली आणि शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला, शाखेत गेले.

नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना असल्याने शाखेत बसायला जागा नव्हती. जवळजवळ दोन तासांनी माझा क्रमांक आला, तेव्हा खिडकीवरच्या तरुणाने कागद उलटसुलट पाहिला आणि सहीच्या चौकटीवर पेन टेकवले. ‘‘आंटीजी, इसमें तो क्वेश्चन मार्क आ रहा है। हरे टिक वाला प्रिंट लाइए।’’ पत्त्याच्या खाली एका लहान चौकटीत डिजिटल सहीचा मजकूर होता आणि त्यावर पिवळे प्रश्नचिन्ह छापले गेले होते. हे चिन्ह घालवायचे कसे, असे विचारल्यावर त्याने पावतीच्या पाठीमागे लिहून दिले की फाइल अडोबी रीडर या पीडीएफ वाचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, सहीवर राइट क्लिक करावे (म्हणजे माउसची उजवी कळ दाबावी) आणि ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ निवडावे.

येथे माझे मत नोंदवते. प्रश्नचिन्हाचा अर्थ कागद खोटा आहे असा होत नाही. ज्या संगणकावर फाइल उघडली, त्या संगणकाने सही कोणाची हे सांगणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावर अजून विश्वास ठेवलेला नाही, एवढाच तो असतो. शिवाय कागदावर छापलेल्या हिरव्या खुणेने काहीच सिद्ध होत नाही, कारण सहीची पडताळणी फाइलमध्ये होते, छापील प्रतीत नव्हे. खरी पडताळणी करायचीच असेल तर त्याच कागदावर क्यूआर कोड असतो आणि तो वाचणारे अधिकृत ॲपही आहे. परंतु माझ्यामागे तीस माणसे उभी असताना हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार होता, त्यानंतर रविवार, म्हणजे माझ्या हाती सोमवारपर्यंतचा वेळ होता.

घरी लॅपटॉप होता. गणपतीत आलेला माझा भाचा बंगळूरला परत जाताना त्याचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेला होता. निवृत्तीपूर्वी मी महाविद्यालयाच्या कचेरीत अनेक वर्षे संगणकावर काम केले आहे, परंतु तो टेबलावरचा संगणक होता आणि त्याच्या माउसला दोन स्पष्ट वेगळ्या कळा होत्या. या लॅपटॉपच्या टचपॅडवर, म्हणजे माउसऐवजी बोट फिरवायच्या जागेवर, एकही कळ नाही, मध्ये रेघ नाही, डावे-उजवे दाखवणारी खूणही नाही. नुसता एक गुळगुळीत काळा चौकोन आहे आणि त्याची खालची कड मनगट घासून थोडी चमकू लागली आहे. पेपर वाचणे आणि ई-मेल पाहणे एका बोटाने होत असल्याने तोवर मला राइट क्लिकची गरजच पडली नव्हती.

त्या संध्याकाळी मी माय-आधार संकेतस्थळावरून ई-आधार पुन्हा उतरवून घेतले. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे तो मोबाइल हाताशी असला पाहिजे. उतरलेली फाइल कुलूपबंद असते. तिचा पासवर्ड म्हणजे आधारवरील नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि त्यांना जोडून जन्मवर्ष. नाव रमेश आणि जन्मवर्ष १९५८ असेल तर आर, ए, एम, ई आणि पुढे १९५८, मध्ये जागा न सोडता. फाइल उघडली, परंतु ती ब्राउझरमध्ये उघडली आणि तेथे सही पडताळण्याची सोयच नव्हती. अडोबी रीडरमध्ये ती उघडण्यासाठी फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’ निवडावे लागते, हे मला कचेरीतल्या सवयीने माहीत होते. मी टचपॅडचा उजवा खालचा कोपरा दाबला, तेव्हा फाइल नुसती निवडली गेली. जोरात दाबले, तरी तेच. दोन बोटे टेकवली, तर काहीच झाले नाही. वरच्या भागात दाबून पाहावे तर तो भाग मुळीच दबेना. टचपॅड वरच्या कडेला बिजागरीवर बसवलेला असतो आणि त्यामुळे त्याचा खालचा भागच सहज दबतो, हे मला नंतर कळले. तेव्हा मात्र यंत्रच बिघडले आहे असे वाटून जीव थोडा घाबरा झाला.

शनिवारी सकाळी जेल रोडच्या बाजारात एका दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेला. दुकानदाराने उजवा कोपरा दाबून पाहिला, मान हलवली आणि टचपॅड बदलावा लागेल, २,८०० रुपये होतील, दोन दिवस ठेवून जा, असे सांगितले. हे सांगण्यापूर्वी त्याने सेटिंग्ज पाहिली नाहीत, हे माझ्या लक्षात आले होते, पण त्याचे महत्त्व कळले नव्हते. मी भाच्याला फोन लावला. ‘‘आत्या, पैसे देऊ नकोस आणि लॅपटॉप तिथे ठेवूही नकोस. मी कायम माउस वापरायचो, टाइप करताना तळहात लागून भलतंच काही व्हायचं म्हणून मीच ते बंद करून टाकलं असेल. घरी जा, मी संध्याकाळी सांगतो.’’ दुकानदाराचा निरोप घेऊन मी बाहेर पडले. तपासणीचे म्हणून त्याने १०० रुपये घेतले. टचपॅडच्या तक्रारीसाठी दुकानात जाण्यापूर्वी पुढची पाच मिनिटांची तपासणी घरी करून पाहावी, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

संध्याकाळी भाच्याने सर्वांत आधी टचपॅडला हातच लावू दिला नाही. बाणाच्या कळांनी फाइल निवडायला लावली आणि मग शिफ्ट धरून एफ१० दाबायला सांगितले. पहिल्यांदा आवाज कमी-जास्त झाला, कारण पुष्कळ लॅपटॉपवर सर्वांत वरच्या ओळीतल्या कळा आवाज आणि प्रकाशासाठी लावलेल्या असतात. मग डाव्या कोपऱ्याजवळची एफएन कळही सोबत दाबली आणि फाइलशेजारी एक लांबलचक यादी उघडली : ओपन, ओपन विथ, प्रिंट, कॉपी, रीनेम, प्रॉपर्टीज. कालपासून जी यादी मी शोधत होते ती ही होती. राइट क्लिक म्हणजे ही यादी उघडणे. ती बोटाने उघडली की कळीने, याने पुढच्या कामात फरक पडत नाही. फरक एवढाच की टचपॅडने किंवा माउसने यादी मागितली तर ती पडद्यावर फिरणारा बाण जेथे असेल तेथली उघडते आणि कळफलकाने मागितली तर जी वस्तू निवडलेली असेल तिची उघडते, मग बाण कोठेही असो. काही कळफलकांवर उजव्या ऑल्ट आणि कंट्रोल यांच्यामध्ये यादीचे चित्र असलेली स्वतंत्र कळही असते आणि ती एकटीच हे काम करते. माझ्या लॅपटॉपवर ती नाही, आणि काही नव्या लॅपटॉपवर तिच्या जागी कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची कळ आली आहे.

ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना बोटांची संवेदना कमी आहे, त्यांना हा कळफलकाचा मार्गच आधी शिकवावा, असे माझे ठाम मत झाले आहे. घरातली तरुण मंडळी ‘‘अगं, दोन बोटं लाव ना’’ एवढे सांगून मोकळी होतात, कारण त्यांची बोटे ते आपोआप करतात. कळ मात्र दाबली की दाबली. तिला वेग लागत नाही आणि नेमका स्पर्शही लागत नाही.

त्यानंतर सेटिंग्ज पाहिली. विंडोजची कळ धरून आय दाबले की सेटिंग्ज उघडतात. माझ्याकडे विंडोज ११ असल्याने डावीकडच्या यादीतून ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ आणि त्यात ‘टचपॅड’ अशी वाट आहे. विंडोज १०मध्ये ‘डिव्हाइसेस’ आणि मग ‘टचपॅड’. त्या पानावर ‘टॅप्स’ नावाची ओळ उघडली की चार चौकटी दिसतात. एका बोटाच्या टिचकीने साधा क्लिक, दोन बोटांच्या टिचकीने राइट क्लिक, दोनदा टिचकी मारून ओढल्यास अनेक वस्तूंची निवड, आणि उजवा खालचा कोपरा दाबल्यास राइट क्लिक. माझ्या लॅपटॉपवर दुसरी आणि चौथी चौकट रिकामी होती. दोन्हींत खूण केली आणि त्याच क्षणी, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू न करता, उजवा कोपरा दाबल्यावर यादी उघडली. २,८०० रुपयांचा प्रश्न दोन चौकटींत सुटला, याचा आनंद झाला आणि थोडा रागही आला.

कोपरा दाबणे सोपे आहे, पण तो दाबताना लॅपटॉप मांडीवर असेल तर हलतो आणि बाण फाइलवरून सरकतो. म्हणून दोन बोटांची टिचकी शिकायचे ठरवले आणि खरा वेळ तेथे गेला. शेजारच्या घरातली बारावीतली मुलगी बेसनाचे लाडू द्यायला आली होती; ती माझ्या शेजारी बसली आणि मी नेमके काय करते ते तिने पाहिले. मी दोन्ही बोटे टेकवून तशीच ठेवत होते आणि ती किंचित सरकत होती, त्यामुळे लॅपटॉपला वाटत होते की मला पान वर-खाली करायचे आहे. पोळी शेकली का हे पाहताना बोट जसे टेकवून लगेच उचलतो, तशी ही टिचकी असावी लागते. दोन्ही बोटे एकाच वेळी टेकली पाहिजेत आणि एकाच वेळी उचलली गेली पाहिजेत. एक आधी व दुसरे नंतर टेकले तर साधा क्लिक होतो. बोटे अगदी जुळवलेली असली तर त्यांचा एकच स्पर्श धरला जाऊ शकतो, म्हणून मध्ये बोटभर अंतर ठेवावे. तर्जनी आणि मधले बोट सोयीचे. शिवाय बोटे उजवीकडेच टेकवायची असतात अशी माझी समजूत होती; दोन बोटांच्या टिचकीला जागेचे बंधन नाही, टचपॅडवर कोठेही चालते. आधी एका बोटाने बाण नेमका वस्तूवर न्यायचा, मग बोट उचलायचे आणि मगच टिचकी मारायची, हा क्रम मात्र सांभाळावा लागतो.

तरीही काही टिचक्या वाया जात होत्या. टचपॅड दाब मोजत नाही, त्वचेच्या स्पर्शाने होणारा विद्युतभारातला सूक्ष्म बदल ओळखतो. नोव्हेंबरात आमच्याकडे हवा कोरडी होते आणि भांडी घासून माझी बोटे खरखरीत झाली होती. तेवढ्याने स्पर्श क्षीण होतो. नखाच्या टोकाने तर काहीच होत नाही. उलट हात ओला असेल किंवा नुकतेच क्रीम लावले असेल तर बाण भलतीकडे उड्या मारतो. कोरड्या मऊ फडक्याने टचपॅड पुसला, बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ भाग टेकवला आणि त्याच ‘टॅप्स’च्या ओळीत संवेदनशीलता मध्यमवरून ‘हाय’ केली, तेव्हा जमू लागले. रात्री झोपण्यापूर्वी मी डेस्कटॉपवरच्या रिकाम्या जागेवर यादी उघडण्याचा आणि एस्केप कळीने ती मिटवण्याचा सराव केला. रिकाम्या जागेवर असा सराव केला तर काही पुसले जाण्याची भीती राहत नाही.

विंडोज ११ची एक गोष्ट जुन्या लोकांना गोंधळात टाकते. विंडोज ९५पासून आमच्या कचेरीत राइट क्लिक केले की सगळे पर्याय शब्दांत समोर येत. आता यादी छोटी झाली आहे आणि कापणे, चिकटवणे, नाव बदलणे, पुसणे यांची नुसती चिन्हे ओळीने येतात. नव्या आवृत्तीत त्यांच्यासोबत शब्दही दिले आहेत. हवा तो पर्याय दिसला नाही तर सर्वांत खाली ‘शो मोअर ऑप्शन्स’ असते, त्यावर क्लिक केले की जुनी पूर्ण यादी उघडते. शिफ्ट आणि एफ१० दाबल्यास ती थेट उघडते, हा त्या मार्गाचा आणखी एक फायदा.

रविवारी सकाळी मुख्य काम हाती घेतले. अडोबीचा रीडर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतो. तो उतरवून घेताना सोबत दुसरे काही सॉफ्टवेअर घ्यायची खूण आधीच केलेली दिसली तर ती काढून टाकावी. मग ई-आधारच्या फाइलवर दोन बोटांची टिचकी, ‘ओपन विथ’, रीडर, पासवर्ड. सहीची चौकट दिसेपर्यंत पान मोठे केले, कारण लहान चौकटीवर बाण नेमका ठेवणे अवघड जाते. पिवळ्या प्रश्नचिन्हावर बाण नेऊन पुन्हा टिचकी मारली आणि यादीतून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ निवडले. एक खिडकी उघडली, तीत सहीची ओळख पटत नाही असा मजकूर होता. तेथे ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, पुढच्या खिडकीत ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. या ठिकाणी घाई करू नये. सही करणाऱ्याच्या नावात युनिक आयडेंटिफिकेशन ऑथॉरिटी ऑफ इंडिया आहे ना, हे वाचून घ्यावे, कारण यापुढे आपण या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा असे आपल्या संगणकाला सांगणार असतो. ई-मेलने कोणी पाठवलेल्या फाइलवर हे करू नये. स्वतः अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेल्या फाइलवरच करावे.

नाव पाहून ‘ट्रस्ट’ या भागात गेले आणि ‘ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’ दाबले. रीडरच्या जुन्या आवृत्तींत याच जागी ‘आयडेंटिटीज’ असा शब्द असतो. सावधगिरीची सूचना आली, ती वाचून ‘ओके’, पुढच्या खिडकीतही ‘ओके’, आणि मग पुन्हा एकदा ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. इंटरनेट चालू असणे आवश्यक आहे. दोन-तीन क्षण खिडकी तशीच राहिली आणि ती बंद केल्यावर सहीच्या अक्षरांवर मोठी हिरवी खूण पसरलेली दिसली. मी भाच्याला त्या पडद्याचे छायाचित्र पाठवले.

त्याचे उत्तर आले की छपाईला फाइल दुकानात पाठवू नकोस. विश्वासाची ती नोंद माझ्या लॅपटॉपमध्ये झाली होती, फाइलमध्ये नव्हे. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की प्रश्नचिन्ह परत येते. माझ्याकडे प्रिंटर नाही. त्यामुळे सोमवारी सकाळी मी घराजवळच्या दुकानात जाऊन परवानगी मागितली आणि दुकानाच्या संगणकावर तीच सगळी पायरी पुन्हा केली. तेथे माउस होता, उजवी कळ होती, काम तीन मिनिटांत झाले. दोन प्रतींचे २० रुपये झाले. निघण्यापूर्वी फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट दाबले, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये न राहता थेट जाते, आणि ज्या ई-मेलमधून ती काढली होती तो लॉग-आउट केला. दुकानांच्या संगणकांवर लोकांची आधारे डाउनलोडच्या कप्प्यात पडून राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून हे काम दुकानदारावर सोपवू नये.

बँकेत त्या दिवशी गर्दी कमी होती. त्याच तरुणाने हिरवी खूण पाहिली, क्यूआर कोडकडे पाहिलेही नाही, फॉर्मवर माझी सही घेतली आणि शिक्का मारून पोच दिली. पोच मागून घ्यावी. ती आपणहोऊन दिली जातेच असे नाही. केवायसी अद्ययावत झाल्याचा संदेश पुढच्या सोमवारी, १७ नोव्हेंबरला, आला.

त्यानंतर मी ३५० रुपयांचा वायरचा माउसही घेतला. लांब तक्ते भरायचे असतील तर तोच बरा; टचपॅडवर तासभर काम केले की मनगट दुखते, आणि ज्यांना घाई आहे त्यांनी पहिल्याच दिवशी माउस घेतला तरी काही बिघडत नाही. माउस जोडल्यावर टचपॅड बंद पडला तर ‘टचपॅड’च्याच पानावर माउस जोडलेला असताना तो चालू ठेवण्याची वेगळी चौकट असते. भाच्याच्या बायकोकडे ॲपलचा लॅपटॉप आहे. त्यावर कंट्रोल धरून साधा क्लिक केला तरी यादी उघडते, आणि दोन बोटांची सोय सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘ट्रॅकपॅड’ या भागात ‘सेकंडरी क्लिक’ या नावाने मिळते. स्पर्शाचा पडदा असलेल्या विंडोज लॅपटॉपवर वस्तूवर बोट थोडा वेळ दाबून धरून सोडले तरी चालते.

डिसेंबरात माझ्या नणंदेच्या बँकेनेही हिरव्या खुणेचीच प्रत मागितली. तिची फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा खूण आधीपासूनच हिरवी होती, कारण सही त्याच प्रमाणपत्राची होती. नवा संगणक घेतला किंवा आधार देणाऱ्या प्राधिकरणाने सहीचे प्रमाणपत्र बदलले तरच ‘ट्रस्ट’पर्यंतची वाट पुन्हा चालावी लागते.